वैमानिकाविना हेलिकॉप्टर : युद्धनौकेपासून भातखाचरापर्यंत

ज्याच्या आत वैमानिक बसलेला नाही, परंतु ज्याची रचना आणि उड्डाणाची पद्धत नेहमीच्या हेलिकॉप्टरसारखीच आहे, अशा हवाई यानाला मानवरहित हेलिकॉप्टर म्हणतात. ‘ड्रोन’ हा शब्द आज लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या चार पंख्यांच्या छोट्या यंत्रापासून हजारो किलोमीटरचा पल्ला गाठणाऱ्या लष्करी विमानापर्यंत सर्वांना सरसकट लावला जातो, आणि त्यामुळे या दोहोंच्या मधला हा महत्त्वाचा प्रकार सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटतो. वास्तविक पाणबुडीचा शोध, भातपिकावरील फवारणी, ज्वालामुखीची पाहणी, दुर्गम लष्करी ठाण्यांना रसद आणि अगदी मंगळावरचे उड्डाण अशी परस्परांपासून फार दूरची कामे या यंत्राने केली आहेत. त्याचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास पाहिला, तर वैमानिकाला आसनावरून उठवणे हा त्यातला सोपा भाग होता, आणि त्याच्याबरोबर यंत्रातून निघून गेलेली जाणीव यंत्रात परत आणणे हा खरा अवघड भाग होता, असे दिसून येते.

ही जाणीव म्हणजे काय, हे समजण्यासाठी हेलिकॉप्टर उडते कसे हे थोडक्यात पाहावे लागते. विमानाचे पंख स्थिर असतात आणि विमान वेगाने पुढे गेले तरच त्यांच्यावर उचल निर्माण होते. हेलिकॉप्टरमध्ये मात्र पातीच गोल फिरतात, आणि म्हणून ते धावपट्टीशिवाय सरळ वर चढू शकते व हवेत एका जागी थांबू शकते. फिरणाऱ्या पात्यांच्या या संचाला रोटर म्हणतात. सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढवला की उचल वाढते आणि यान वर जाते. या नियंत्रणाला ‘कलेक्टिव्ह’ असे नाव आहे. प्रत्येक पाते फेरीच्या एका बाजूस येताच त्याचा कोन थोडा वाढवला आणि दुसऱ्या बाजूस कमी केला, तर उचल असमान होऊन यान एका बाजूला झुकते व तिकडे सरकते. या नियंत्रणाला ‘सायक्लिक’ म्हणतात, आणि हा कोनबदल घडवणाऱ्या तबकडीला स्वॉशप्लेट. रोटर एका दिशेने फिरत असताना यानाचे धड उलट दिशेने फिरू पाहते, ते रोखण्यासाठी शेपटीवर एक लहान रोटर बसवतात, किंवा एकाच आसावर वर-खाली दोन रोटर लावून त्यांना परस्परविरुद्ध फिरवतात. ही तिन्ही नियंत्रणे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एकाला हात लावला की उरलेल्या दोहोंतही सुधारणा करावी लागते.

हवेत एका जागी थांबलेले हेलिकॉप्टर स्वभावतः अस्थिर असते, आणि त्याला तसे धरून ठेवणे हे तळहातावर काठी उभी तोलण्यासारखे काम आहे. वैमानिक हे काम केवळ उपकरणांकडे पाहून करत नाही. आसनातून येणारी थरथर, इंजिनाच्या आवाजात पडलेला फरक, क्षितिजाचा किंचित कल, पोटात जाणवणारा झोल या सगळ्यांतून त्याच्या शरीराला यानाची अवस्था कळत असते आणि विचार करण्याआधीच त्याचा हात हललेला असतो. त्याला खाली उतरवून दूरच्या खोलीत बसवले की त्याच्या हातातील दांडा तसाच राहतो, पण या सर्व संवेदना तुटतात.

अमेरिकी नौदलाने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत पाणबुड्या वेगवान होत चालल्या होत्या, आणि अमेरिकी विनाशिकांवरील सोनार, म्हणजे पाण्यातील ध्वनिलहरींनी शोध घेणारे उपकरण, जितक्या अंतरावर पाणबुडी हेरू शकत होते तितक्या अंतरापर्यंत त्या नौकांची शस्त्रे पोहोचत नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या या विनाशिकांचे नूतनीकरण चालू होते, परंतु त्यांच्या लहानशा डेकवर माणसांसह उडणारे पूर्ण आकाराचे पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर मावणे शक्य नव्हते. यावर उपाय म्हणून न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या गायरोडाइन या कंपनीने, एका माणसासाठी बनवलेल्या आपल्या चिमुकल्या हेलिकॉप्टरवरून, क्यूएच-५० हे एकाच आसावर दोन रोटर असलेले मानवरहित हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट १९६० मध्ये मेरीलँडमधील पटक्सेंट रिव्हर येथील नौदलाच्या तळावर त्याचे आत कोणीही नसलेले पहिले मुक्त उड्डाण झाले. ‘ड्रोन अँटी-सबमरीन हेलिकॉप्टर’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ही सर्व यंत्रणा ‘डॅश’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

तिची कार्यपद्धती कागदावर अत्यंत सुटसुटीत होती. डेकवरचा एक नियंत्रक सुमारे एक टन वजनाचे हे यान नजरेसमोर उडवून वर नेई. मग नौकेच्या आत, युद्धमाहिती कक्षात रडारच्या पडद्यापुढे बसलेला दुसरा नियंत्रक त्याचा ताबा घेई आणि पाणबुडी असल्याच्या जागी नेऊन टॉर्पेडो टाकण्याची आज्ञा देई. मात्र यान स्वतःविषयी काहीच कळवत नसे. आपण किती उंचीवर आहोत, कलंडलो आहोत का, दिलेली आज्ञा पोहोचली की नाही, यांपैकी कोणतीही माहिती परत येत नसल्यामुळे कक्षातल्या माणसाला रडारवरच्या एका ठिपक्यावर भिस्त ठेवावी लागे, आणि तो ठिपका नाहीसा झाला की यान पडले एवढेच समजे. शिवाय हे यान गमावले तरी चालेल अशा हिशेबाने स्वस्तात बनवलेले असल्यामुळे त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांना पर्यायी व्यवस्था नव्हती आणि एक भाग निकामी झाला की सगळेच संपत असे. ७०० हून अधिक यानांपैकी अर्ध्याहून जास्त समुद्रात गेली. व्हिएतनाम युद्धात त्यांपैकी काहींवर दूरचित्रवाणी कॅमेरे बसवून नौकेच्या तोफांचा मारा कोठे पडतो हे पाहण्याचे काम करून घेण्यात आले, आणि खालचे दृश्य नौकेपर्यंत पोहोचवण्याचे हे काम त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. तरीही १९७० च्या सुमारास नौदलाने ‘डॅश’ गुंडाळले आणि त्याची जागा पुढे माणसांनी चालवलेल्या हेलिकॉप्टरांनी घेतली. उरलेली काही क्यूएच-५० याने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील व्हाइट सँड्स चाचणीक्षेत्रात लक्ष्ये ओढण्याच्या कामी २००६ पर्यंत उडत राहिली, यावरून यंत्राचा मूळ सांगाडा किती दणकट होता हे लक्षात येते. दोष सांगाड्यात नव्हता. परत येणारी माहिती अनावश्यक मानण्यात होता.

यापुढची खरी प्रगती युद्धनौकेवर न होता जपानमधील भातखाचरांत झाली, आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला जितके महत्त्व मिळायला हवे तितके मिळालेले नाही. जपानमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भातावरील रोग आणि किडींसाठी माणसांसह उडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून औषध फवारले जात असे. पुढे शेतांच्या कडेला घरे, शाळा, रस्ते वाढत गेले, वरून पडणारे औषध वाऱ्याने भलतीकडे जाऊ लागले आणि तक्रारी वाढल्या. दुसरीकडे तरुण शहरांकडे गेल्याने चिखलात उतरून पाठीवरच्या पंपाने फवारणी करण्याचे काम वृद्धांवर येऊन पडले. या पार्श्वभूमीवर १९८३ साली जपानच्या कृषी मंत्रालयाशी संलग्न संस्थेने यामाहा कंपनीकडे फवारणीसाठी मानवरहित हेलिकॉप्टर विकसित करण्याचे काम सोपवले, आणि १९८७ साली सुमारे २० किलो भार वाहणारे ‘आर-५०’ तयार झाले.

आरंभीचे हे यंत्र उडवायला फार कौशल्य लागे, कारण तोल सांभाळण्याचा बराचसा भार अजून बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांवर होता. १९९५ मध्ये यामाहाने यानाचा कल आणि वळण सतत मोजून ते आपोआप सरळ ठेवणारी नियंत्रणप्रणाली आणली. तिचा गाभा होता जायरोस्कोप, म्हणजे कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने वळण होत आहे हे सांगणारे संवेदक उपकरण. वैमानिकाच्या शरीराला जे कळत असे, त्यातला सर्वांत तातडीचा भाग अशा रीतीने यंत्राला कळू लागला. १९९७ मध्ये आलेल्या ‘आरमॅक्स’ या पुढच्या यानाचे भारासह वजन सुमारे ९४ किलो, रोटरचा व्यास तीन मीटरांहून थोडा अधिक आणि इंजिन २४६ घनसेंटिमीटरचे, म्हणजे मध्यम मोटारसायकलीएवढे आहे. मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीला हे इंजिन घडवणे परके नव्हते. त्यानंतर काही वर्षांतच उपग्रहांच्या आधाराने स्थान व वेग स्थिर ठेवण्याची सोय झाली, आणि फवारणी करणाऱ्या माणसाला तोल सांभाळण्याऐवजी शेताकडे लक्ष देणे शक्य झाले.

फवारणीच्या वेळी हे यान पिकाच्या वर तीन-चार मीटरांवरून सरळ पट्ट्यांत जाते. रोटरने खाली ढकललेली हवा औषधाचे थेंब पिकात दाबते आणि पाने हलवते, त्यामुळे पानांच्या मागच्या बाजूलाही औषध पोहोचण्यास मदत होते. चालक एका बांधावर, तर त्याचा साथीदार पलीकडच्या बांधावर उभा राहतो, कारण शंभर मीटरांवरून पाहणाऱ्याला यान शेताच्या कडेपर्यंत पोहोचले की नाही याचा अंदाज येत नाही. अशा एका यानाची किंमत सुमारे एक कोटी येन असल्यामुळे एकट्या-दुकट्या शेतकऱ्याने ते विकत घेण्याऐवजी सहकारी संस्था आणि फवारणीचा व्यवसाय करणारे प्रशिक्षित गट ते बाळगतात व शेतकरी त्यांची सेवा घेतात. अधिकृत प्रशिक्षण, ठरलेली देखभाल, दोन माणसांची जोडी आणि सामायिक मालकी ही घडी हळूहळू बसली, आणि भातशेतीच्या फार मोठ्या क्षेत्रावर अशा हेलिकॉप्टरांनी फवारणी होऊ लागली. ‘डॅश’च्या तुलनेत ही यंत्रणा का रुजली, याचे एक कारण तंत्रात असले तरी दुसरे कारण असे की येथे यान चालकाच्या नजरेसमोर उडत होते, प्रत्येक चूक त्याच दिवशी दिसत होती, आणि गमावले तरी चालेल असे यान कोणालाच परवडणारे नव्हते.

शेतासाठी बनवलेले यंत्र इतर कामांनाही लागू पडले. ३१ मार्च २००० रोजी होक्काइडो बेटावरील उसू ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यानंतर, माणसाने जवळ जाणे धोक्याचे असलेल्या भागाची पाहणी स्वयंचलित ‘आरमॅक्स’ने केली. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर त्या परिसरात कमी उंचीवरून किरणोत्सर्ग मोजण्यासाठीही हेच यान वापरण्यात आले. त्याची दुसरी बाजूही येथे नमूद केली पाहिजे. औषधाची टाकी काढून तेथे कॅमेरा बसवला की शेतीचे हेलिकॉप्टर टेहळणीचे होते, आणि म्हणून जपानमध्ये त्याची निर्यात सुरक्षाविषयक निर्बंधांखाली येते. २००६ साली चीनला होणाऱ्या निर्यातीवरून जपानी पोलिसांनी यामाहाच्या कार्यालयांवर छापे घातले होते. ऑस्ट्रियातील शीबेल कंपनीचा प्रवास याच वाटेने, पण वेगळ्या टोकापासून झाला. भूसुरुंग शोधणारी उपकरणे बनवणाऱ्या या कंपनीने ‘कॅमकॉप्टर एस-१००’ हे २०० किलो वजनापर्यंत उडणारे यान विकसित केले. अनेक देशांच्या नौदलांनी ते घेतले, २०१४ मध्ये भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांच्या नौका शोधण्यासाठी एका मदतसंस्थेने ते वापरले, आणि पुढे युरोपात जहाजांच्या धुरातील गंधकाचे प्रमाण तपासण्याचेही काम त्याला मिळाले.

लष्करी उपयोगांत सर्वांत बोलके उदाहरण ‘के-मॅक्स’चे आहे. अफगाणिस्तानात दूरच्या ठाण्यांना रसद पोहोचवणारे ट्रकांचे ताफे रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांना बळी पडत होते, आणि अन्नपाण्यासाठी माणसे मरत होती. बाहेर बोजा टांगून नेण्यासाठीच बनवलेल्या कमान कंपनीच्या या हेलिकॉप्टरला लॉकहीड मार्टिनने स्वयंचलित केले. त्याचे दोन रोटर शेजारी-शेजारी तिरपे बसवलेले असून त्यांची पाती एकमेकांच्या फेरीतून न धडकता जातात, त्यामुळे शेपटीच्या रोटरवर शक्ती खर्च होत नाही आणि ती सगळी उचलीच्या कामी येते. १७ डिसेंबर २०११ रोजी अशा यानाने हेल्मंड प्रांतातील एका ठाण्यावर सुमारे १,६०० किलो माल पोहोचवला, आणि २०१४ पर्यंत दोन यानांनी मिळून २० लाख किलोंहून अधिक माल वाहिला. जून २०१३ मध्ये मात्र त्यांपैकी एक यान कोसळले, कारण खाली टांगलेला बोजा झोके घेऊ लागला आणि नियंत्रणप्रणालीला तो आवरता आला नाही. आत माणूस असता तर तो झोका त्याला पहिल्याच हेलकाव्यात जाणवला असता. यंत्राला कोणती जाणीव द्यायची राहून गेली हे अनेकदा अपघातानंतरच कळते.

संवेदनांइतकाच दुवाही नाजूक असतो. नियंत्रणकक्ष आणि यान यांच्यामधील रेडिओसंपर्क तुटला तर यानाने काय करावे हे आधीच ठरवून द्यावे लागते, आणि बहुधा ‘परत फीर’ अशी सूचना त्यात असते. २ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘फायर स्काउट’ या मानवरहित हेलिकॉप्टरचा संपर्क पटक्सेंट रिव्हरजवळ तुटला, प्रणालीतील दोषामुळे ते परत फिरले नाही, आणि सुमारे ३७ किलोमीटर जाऊन राजधानी वॉशिंग्टनभोवतीच्या प्रतिबंधित हवाई क्षेत्रात शिरले. संपर्क पुन्हा जुळल्यावर त्याला सुखरूप आणण्यात आले. मे २०१२ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे एक ‘एस-१००’ नियंत्रणवाहनावर आदळून एका अभियंत्याचा मृत्यू झाला. त्या दिवसांत उत्तर कोरियाकडून उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या संदेशांमध्ये अडथळा आणला जात होता, आणि हे संदेश हरवले असता यानाने व त्याच्या चालकांनी कशावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या अपघाताने सर्वांपुढे उभा केला.

दुवा मुळीच उपयोगाचा नसेल तर काय करावे लागते, हे मंगळावर दिसले. पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथे पोहोचायला कित्येक मिनिटे लागत असल्यामुळे नासाच्या ‘इंजेन्युइटी’ या १.८ किलो वजनाच्या हेलिकॉप्टरला उड्डाणातला तोल, दिशा आणि उतरणे हे सर्व स्वतःच सांभाळणे भाग होते. मंगळाचे वातावरण पृथ्वीच्या मानाने सुमारे एक टक्का इतके विरळ असल्याने त्याची १.२ मीटर व्यासाची पाती मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेत. मूळचे भारतीय असलेले बॉब बलराम हे या यानाचे मुख्य अभियंता होते. १९ एप्रिल २०२१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत त्याने ७२ उड्डाणे केली, आणि त्याचा शेवटही शिकवणारा आहे : खालच्या जमिनीवरील खुणा पाहून ते आपला वेग ओळखत असे, पण अखेरच्या उड्डाणात खाली जवळजवळ एकसारखी वाळू आली, अंदाज चुकला आणि पाती तुटली.

आता प्रश्न असा उरतो की चार, सहा किंवा आठ पंख्यांचे विजेवर चालणारे स्वस्त ड्रोन सर्वत्र मिळत असताना हेलिकॉप्टरची गरज काय. बहुपंखी ड्रोनमध्ये पात्यांचे कोन बदलावे लागत नाहीत, केवळ मोटारींचे वेग कमी-जास्त केले की काम होते. म्हणून ते बांधायला व दुरुस्त करायला फार सोपे असते, आणि लहान शेतांसाठी तेच योग्य आहे. परंतु एक मोठा रोटर पुष्कळ हवा सावकाश खाली ढकलून जी उचल मिळवतो, ती मिळवायला लहान पंख्यांना थोडी हवा फार वेगाने ढकलावी लागते व त्यात अधिक शक्ती जाते. शिवाय एक किलो पेट्रोलमधून, इंजिनातील नासाडी वजा करूनही, एक किलो बॅटरीच्या कित्येक पट उपयुक्त ऊर्जा मिळते. त्यामुळे भार मोठा, अंतर लांब किंवा हवा विरळ असेल तेथे हेलिकॉप्टर अधिक सरस ठरते. इंजिन बंद पडले तरी खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवून सावकाश उतरण्याची शक्यता हीही त्याच्या जमेची बाजू आहे.

भारताच्या दृष्टीने विरळ हवेचा मुद्दा अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. सियाचीनमधील ठाणी पाच-सहा हजार मीटर उंचीवर आहेत, तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी असते, आणि चीता जातीची हेलिकॉप्टरे दर फेरीला मोजकाच माल घेऊन, वैमानिकांचे प्राण पणाला लावून १९८४ पासून ही रसद पोहोचवत आली आहेत. काही किलो केरोसीनसाठी दोन वैमानिकांना अशा हवेत पाठवणे जिथे टाळता येईल, तिथे ते टाळण्यासाठी जे संशोधन होईल त्यावरचा खर्च योग्यच मानला पाहिजे. २००८ च्या सुमारास हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि इस्रायलची एक विमाननिर्मिती कंपनी यांनी नौदलासाठी चेतक हेलिकॉप्टरला मानवरहित करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता, परंतु ते यान सेवेत आले नाही.

महाराष्ट्राचा संबंध मात्र जपानी भातखाचराशी अधिक जवळचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पीक डोक्यापर्यंत वाढलेले होते, पंप पाठीवर होता, आणि नळीतून उडणारे औषध तोंडावर येत होते. जपानने ज्या कारणासाठी माणसाला खाचरातून बाहेर काढले, त्याहून कितीतरी निकडीचे कारण येथे होते. त्यानंतर देशात फवारणीच्या ड्रोनना चालना मिळाली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी यानांचे वजनानुसार वर्ग पाडले, २५ ते १५० किलोंचा मध्यम वर्ग ठरवला, आणि चालकासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक केले. प्रत्यक्षात शेतांवर आज जी याने दिसतात ती बहुपंखी असून त्यांच्या दहा लिटरच्या टाकीत साधारण एकरभर क्षेत्र होते, आणि बॅटरी वारंवार बदलावी लागते. ‘आरमॅक्स’सारखे हेलिकॉप्टर मध्यम वर्गात मोडते आणि एका शेतकऱ्याच्या आवाक्यात ते येणार नाही, म्हणून जपानप्रमाणे सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनेच ते बाळगावे लागेल. कोणतेही यान घेतले तरी औषध पाण्यात मिसळून टाकी भरणारा माणूस शेताच्या कडेला उभाच असतो, आणि त्याच्या हातात येणारे औषध पाठीवरच्या पंपातल्या औषधापेक्षा अधिक तीव्र असते, कारण हवेतून फवारताना एकरी पाणी फार कमी वापरतात. त्यामुळे त्याचे हातमोजे, मुखपट्टी आणि प्रशिक्षण यांची तरतूद यानाच्या किमतीतच धरली पाहिजे.